बाटलीतला जंतू आणि शेडमधला जंतू

शेडचं दार उघडायच्या आधीच वास येतो. नासलेल्या मांसासारखा, वर थोडा गोडसर. पोल्ट्रीत आयुष्य काढलेला माणूस नुसत्या त्या वासावरून सांगतो, कोरायझा आला. गेल्या हिवाळ्यात विट्याच्या बाजूला एका लेयर, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या, पोल्ट्रीवर गेलो तेव्हा मालकाची आई दारातच पदर नाकाला लावून उभी होती. आत पिंजऱ्यांच्या रांगेत दर आठवी-दहावी कोंबडी एका बाजूने सुजलेली. डोळ्याखाली लिंबाएवढी गाठ, पापणी मिटलेली, कडेला फेस, नाकपुडीवर खाद्याची भुकटी चिकटून वाळलेली. मान झटकली की ते चिकट पाणी शेजारणीच्या खाद्यावर आणि पाण्याच्या निपलवर उडत होतं.

मालकाने लसीच्या रिकाम्या बाटल्या जपून ठेवल्या होत्या. "डॉक्टर, दोन्ही डोस वेळेवर टोचलेत. आठव्या आठवड्यात एक, सोळाव्यात एक. मग हे काय?"

मोबाईलच्या उजेडात लेबल वाचलं. मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत 'प्रकार ए, बी, सी' एवढंच. लस वाटेत तापली असेल, टोचणाऱ्याचा हात चुकला असेल, किंवा शेडमधला जंतू बाटलीतल्या जंतूपेक्षा वेगळा असेल. तिन्हींपैकी खरं काय, हे सांगायला माझ्याकडे काहीच आधार नव्हता. असा आधार महाराष्ट्रातल्या कुठल्याही पोल्ट्रीवाल्याला मिळायला हवा आणि तो उभा करणं सरकारचं काम आहे, एवढ्यासाठी हा लेख लिहितो आहे.

कोरायझा म्हणजे कोंबड्यांची सर्दी, असं आपण सहज म्हणून जातो. आजार होतो तो एव्हिबॅक्टेरियम पॅरागॅलिनारम या जीवाणूमुळे. लागण झाल्यावर एक ते तीन दिवसांत लक्षणं दिसतात. दुसरा आजार जोडीला नसेल तर मर फारशी होत नाही, आणि म्हणूनच त्याची बातमी होत नाही. पण अंडी १० टक्क्यांपासून ४० टक्क्यांपर्यंत घटतात. दहा हजार कोंबड्यांच्या शेडमधून रोज नऊ हजार अंडी निघत असतील आणि वीस टक्के घट आली, तर दिवसाला साठ ट्रे गेले. खाद्याचं बिल तेवढंच. आठवड्या-दोन आठवड्यांत हप्ता थकतो. जी कोंबडी बरी होते तीही पुढे बराच काळ जंतू बाळगून असते. एकाच आवारात वेगवेगळ्या वयाच्या बॅचेस असल्या, आणि आपल्याकडे त्या असतातच, तर जुन्या बॅचकडून नव्या तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांना, लागण ठरलेली.

या जंतूच्या अंगावर एक मोठं प्रथिन असतं. त्याचं शास्त्रीय नाव एचएमटीपी-२१०, कारण त्याचं वजन सुमारे २१० किलोडाल्टन भरतं. हे प्रथिन म्हणजे जंतूचा हात: कोंबडीच्या नाकातल्या अस्तराला तो धरून राहतो तो प्रामुख्याने याच्या जोरावर. प्रयोगशाळेत हाच जंतू कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशींत मिसळला की पेशी एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात, तेही याच प्रथिनामुळे. कोंबडीचं शरीर जंतूला ओळखतं ते मुख्यतः ह्या हातावरून आणि प्रतिपिंडं तयार करतं तीही ह्याच हाताला पकडणारी. आता ह्या प्रथिनाचं जनुक वाचत गेलं तर बराचसा भाग सगळ्या जंतूंमध्ये जवळपास सारखा दिसतो, पण मधला एक पट्टा असा आहे की तिथे फरकच फरक. मुख्यतः हाच पट्टा ठरवतो की जंतू कुठल्या प्रकारात मोडणार आणि कुठल्या लसीला दाद देणार.

१९६२ साली पेज यांनी या जंतूचे ए, बी आणि सी असे तीन प्रकार केले. १९८३ मध्ये जपानच्या कुमे आणि सहकाऱ्यांनी त्याहून बारीक वर्गवारी मांडली. तिला आजच्या रूपात नऊ घरं आहेत: ए-१ ते ए-४, बी-१, सी-१ ते सी-४. 'ए'ची लस 'सी'पासून वाचवत नाही, 'सी'ची 'ए'पासून नाही. 'बी' हा खरा वेगळा प्रकार आहे हेच कित्येक वर्षं मान्य नव्हतं. त्यामुळे जगभर 'ए' आणि 'सी' एवढ्याच दोन जंतूंची लस चालायची, आणि 'बी' आला की पोल्ट्रीवाले लस बनवणाऱ्याला नाहीतर स्वतःच्या नशिबाला बोल लावायचे. 'बी'ला मान्यता मिळाली १९९० च्या आसपास. त्या मधल्या काळात ज्यांची अंडी गेली त्यांना कुणी सांगितलं नसेल की चूक तुमची नव्हती.

आणि 'बी'च्या आत तरी सगळे एकसारखे कुठे आहेत? एका 'बी'ची लस दुसऱ्या 'बी'पासून पूर्ण संरक्षण देतेच असं नाही, हेही तपासून झालेलं आहे. लेबलवरची तीन अक्षरं म्हणजे घराचा पत्ता विचारल्यावर नुसता जिल्हा सांगण्यासारखं आहे.

मानमोडीशी, म्हणजे राणीखेत रोगाशी, तुलना केली तर हे नीट उमगेल. मानमोडीच्या विषाणूत जनुकीय बदल कितीही झाले तरी लसीच्या दृष्टीने तो एकच प्रकार धरला जातो, आणि १९४० च्या दशकात सापडलेला लासोटा हा लसीचा विषाणू आजही आपण पिलांच्या डोळ्यांत थेंब थेंब टाकतो. मानमोडीने आपल्याला एक सवय लावली: लस टोचली, काम झालं. तीच सवय आपण कोरायझाला लावली. कोरायझाची लस ही मारलेल्या जंतूची लस. ज्या दिवशी ती बनवायला एखादा जंतू निवडला त्या दिवशी बाटलीतला जंतू थिजला. शेडमधला जंतू मात्र थांबलेला नाही. आपण दहा हजार कोंबड्यांना एकच लस देतो तेव्हा त्या लसीला ओळखू येणारे जंतू मागे पडतात आणि ज्याच्या त्या पट्ट्यात दोन-चार अक्षरं वेगळी आहेत, त्याला आख्खं शेड मोकळं मिळतं. लस देऊ नका असं मी म्हणत नाही. लस द्यायलाच हवी. लस दिल्यावर कोण उरलं हे बघायचं काम लस देण्याच्या कामाचाच भाग आहे, आणि ते आपण सोडून दिलं आहे.

दक्षिण आफ्रिकेत हे घडून गेलं. तिथे सत्तरच्या दशकापासून कोरायझाची लस दिली जात होती आणि तरीही आजार येत राहिला. तिथल्या संशोधकांनी सत्तर, ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत जमा केलेले जंतू शेजारी शेजारी ठेवून तपासले. पूर्वी कमी आढळणारा सी-३ हा प्रकार दशकागणिक वाढत गेला होता, आणि बाहेरून येणाऱ्या लसींमध्ये सी-३ नव्हता. १९९६ साली त्यांनी हे छापलं. त्यांच्या हुशारीइतकंच मला कौतुक वाटतं ते त्यांच्या जपणुकीचं. वीस वर्षांपूर्वीच्या कुण्या शेडमधला जंतू त्यांनी नळीत, तारखेसकट, जिवंत ठेवला होता. आपल्याकडे १९९५ साली सांगली-साताऱ्यात कुठला कोरायझा होता, असं आज विचारलं तर पोल्ट्रीवाल्याने कुठे जायचं?

नमुने जपण्यात एक अडचण खरीच आहे. हा जंतू फार नाजूक. कोंबडीच्या शरीराबाहेर फार वेळ टिकत नाही. साध्या माध्यमावर उगवत नाही, त्याला एनएडी नावाचा घटक बाहेरून लागतो. म्हणून थाळीवर स्टॅफिलोकोकसची एक रेघ ओढतात. त्या जंतूने सोडलेल्या एनएडीवर हा जगतो, आणि रेघेच्या कडेकडेने दवबिंदूसारखे इवले ठिपके उगवतात. नमुना घ्यायचा तो नाकातून नाही, डोळ्याखालच्या सायनसमधून, वरची कातडी तापल्या सुरीने भाजून घेऊन. प्रत्यक्षात काय होतं? मेलेली कोंबडी पिशवीत घालून दुपारच्या एसटीने पाठवली जाते. दुसऱ्या दिवशी थाळीवर टाकली की ई. कोलाय हा दुसराच जंतू फोफावतो, रिपोर्टवर 'ई. कोलाय' येतं, आणि त्या रिपोर्टवर अँटिबायोटिक लिहून दिलं जातं. खरा आरोपी पिशवीतच मेलेला असतो.

कोरायझात अँटिबायोटिक दिलं की दोन-तीन दिवसांत सूज उतरते. पाण्यातून औषध, पाच दिवस. बंद केलं की काही आठवड्यांत पुन्हा तेच, कारण बऱ्या दिसणाऱ्या कोंबड्या जंतू बाळगूनच असतात. मग पुन्हा पाच दिवस. या वेळी वरचं औषध. लेयरमध्ये ब्रॉयलरसारखी सोय नाही की विक्रीआधी काही दिवस औषध थांबवलं. कोंबडी रोज अंडं देते, ते रोज ट्रेमध्ये जातं. कायद्याने औषधाच्या दिवसांतली अंडी बाजूला काढायची असतात. हप्ते थकलेल्या माणसाला हे सांगताना माझा आवाज बसतो, तरी सांगतो. २०१९ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने खाद्यप्राण्यांमध्ये कोलिस्टिन वापरण्यावर बंदी घातली. माणसाच्या आयसीयूमध्ये शेवटचा उपाय म्हणून राखलेलं औषध कोंबडीच्या खाद्यात जात होतं, बंदी योग्यच होती. पण बंदी घालताना पोल्ट्रीवाल्याच्या हातात दुसरं काय दिलं? शेडमधल्या जंतूशी जुळणारी लस हे अँटिबायोटिक कमी करण्याचं सगळ्यात सरळ साधन आहे. ते साधन धारदार ठेवायचं नाही आणि नुसता दंडुका उगारायचा, हे बरोबर नाही.

हे काम आपल्या देशाला जमणार नाही असं कुणी म्हणू नये, कारण गाईम्हशींसाठी आपण ते करतो. लाळ्या-खुरकुतीच्या लसीत पूर्वी ओ, ए, सी आणि एशिया-१ असे चार विषाणू असायचे. देशभरातून नमुने गोळा होत होते, प्रकार ठरवले जात होते. १९९५ नंतर 'सी' कुठेच सापडला नाही, म्हणून २००३ साली तो लसीतून काढला. गोठ्यात फिरणारा 'ए' लसीतल्या 'ए'शी जुळेनासा झाला तेव्हा लसीतला 'ए'सुद्धा बदलला. गोठ्यातला विषाणू आणि बाटलीतला विषाणू जुळतात का, हे बघायला भारतीय कृषी संशोधन परिषदेची (आयसीएआर) एक स्वतंत्र संस्था आहे. माणसांच्या फ्लूच्या लसीसाठी जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा हेच करते. कोंबडीच्या वाट्याला हे का येत नाही, याचं मला सापडलेलं एकच उत्तर आहे. म्हैस मेली की घर बसतं, सगळ्यांना दिसतं. शेडमधली अंडी वीस टक्क्यांनी घटली तर ते नुकसान एका माणसाच्या वहीत राहतं.

आणि महाराष्ट्राला तर हे काम परकं नाही. कोंबड्यांच्या कॉलऱ्याचा जंतू कमजोर करून पाश्चरने १८८० मध्ये लसीचं तत्त्व मांडलं, म्हणजे प्रयोगशाळेत बनलेल्या लसीची सुरुवातच मुळी कोंबडीच्या जीवाणूपासून झाली. त्यानंतर नऊच वर्षांनी, १८८९ साली, इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली ती पुण्यात. पुढे ती मुक्तेश्वरला गेली आणि आजची आयव्हीआरआय, म्हणजे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था, झाली. आज पुण्यात औंधला राज्याची पशुरोग निदानाची यंत्रणा आहे आणि लस बनवणारी संस्थाही आहे. माफसूची, म्हणजे राज्याच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची, पशुवैद्यक महाविद्यालयं शिरवळपासून उदगीर-परभणीपर्यंत आहेत. हातात डिग्री घेऊन काम शोधणारी मुलं आहेत. नाही ती फक्त कायमस्वरूपी योजना आणि तिच्यासाठी ठरलेला पैसा.

मागणी साधी आहे. लेयर पट्ट्यातल्या प्रत्येक जिल्ह्यातून दरवर्षी ठरावीक संख्येने कोरायझाचे जिवंत जंतू वेगळे करायचे. त्या जनुकाचा बदलता पट्टा वाचायचा. त्यातल्या काहींची प्रतिपिंडांबरोबर प्रत्यक्ष चाचणी करायची, कारण नुसत्या जनुकावरून काढलेला प्रकार आणि रक्तचाचणीवरून निघालेला प्रकार दर वेळी जुळतोच असं नाही. जनुक वाचलं की सगळं कळलं, हा भाबडेपणा आम्हा डॉक्टरांनीही सोडायला हवा. प्रत्येक जंतूची नळी उणे ८० अंशांवर ठेवायची. निकाल तालुक्याच्या नावाने, मराठीत, सगळ्यांना दिसेल असा जाहीर करायचा. आणि लस विकणाऱ्याने बाटलीवर 'ए, बी, सी' एवढ्यावर न थांबता आत नेमका कुठला जंतू आहे, त्याचं नाव छापायचं. बाटलीवर एक ओळ वाढल्याने लस महाग होत नाही.

मोठ्या कंपन्या हे सगळं आपापल्या प्रयोगशाळेत करतातच, असं मला एका ओळखीच्या माणसाने ऐकवलं. करत असतीलही. पण ती माहिती त्यांच्या कपाटात राहते आणि पाच हजार कोंबड्यांच्या मालकापर्यंत पोचत नाही. शिवाय लस विकणाऱ्यानेच स्वतःची लस जुळते की नाही ठरवायचं, ही व्यवस्था आपण दुसऱ्या कुठल्या व्यवहारात चालवून घेऊ? दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आधी शेडची स्वच्छता पाळा, एका वेळी एकाच वयाची बॅच ठेवा, बाहेरची माणसं आत घेऊ नका, मग जनुकांच्या गोष्टी करा. हे शंभर टक्के खरं आहे आणि मी प्रत्येक शेडवर तेच बोलतो. पण दीड एकरात दोन शेड असलेल्या माणसाने सगळं आवार एकदम रिकामं केलं तर घर कशावर चालवायचं? अंड्याचा व्यापारी त्याला पुन्हा दारात उभं करेल का? स्वच्छता सांगताना तिची किंमत कोण मोजणार, तेही सांगावं लागतं.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. बदलणारं प्रथिन म्हटलं की प्रत्येक वेळी नवी लस हा उपाय नसतो. सीआरडी, म्हणजे कोंबड्यांचा रेंगाळणारा श्वसनरोग, करणारा मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम हा जंतू बघा. याचा सगळा जनुकसंच सुमारे दहा लाख अक्षरांचा, जीवाणूंच्या मानाने अगदी टीचभर. आणि त्या टीचभर जागेत या जंतूच्या आर नावाच्या वाणात पृष्ठभागावरच्या एकाच प्रकारच्या प्रथिनाची ४३ जनुकं आढळली. त्यातलं एका वेळी बहुधा एकच चालू असतं. कुठलं चालू राहणार ते त्याच्या आधी 'जीएए' ही तीन अक्षरं किती वेळा येतात यावर ठरतं. बारा वेळा आली तर चालू, अकरा किंवा तेरा वेळा आली तर बंद. कोंबडीच्या शरीरात असतानाच मोजणी बदलते आणि जंतू सदरा बदलतो. अशाच्या मागे लसीतला जंतू बदलत धावण्यात अर्थ नाही. हा अंड्यातून पिलांत उतरतो, म्हणून ब्रीडर कळप, म्हणजे पिलांच्या आई-बापांचा कळप, स्वच्छ ठेवणं आणि पिलं विकत घेताना ब्रीडरची तपासणी मागणं हेच खरं काम. इथे जनुक वाचण्याचा उपयोग वेगळाच आहे. जिवंत लस दिलेल्या कळपात तपासणी पॉझिटिव्ह आली तर तो लसीचा जंतू की बाहेरचा, हे जनुक वाचूनच कळतं. ते न वाचता लसीच्याच जंतूवर अँटिबायोटिक ओतल्याचं मी पाहिलं आहे.

राहिला प्रश्न भीतीचा. पोल्ट्रीवाला नमुना देईल का? २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा तिथल्या कोंबड्या पुरल्या गेल्याच, पण ज्यांच्या शेडमध्ये काही नव्हतं त्यांचा मालही कुणी घेईना. २०२० मध्ये चिकनमधून कोरोना होतो ही अफवा पसरली आणि पक्षी मातीमोल झाले. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याला जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हाही बोट कोंबडीकडे गेलं. इतके चटके बसलेल्या माणसाने आजार लपवला तर त्याला दोष देववत नाही. म्हणून निकाल जाहीर करताना शेडचं नाव कुठेही येता कामा नये, आणि हे परिपत्रकात नाही, नियमात लिहिलेलं हवं. कोरायझा माणसाला होत नाही, हेही प्रत्येक निकालाच्या पहिल्या ओळीत यायला हवं.

विट्याच्या त्या शेडमधून मी मेलेली कोंबडी नेली नाही. नुकतीच सूज आलेल्या तीन जिवंत कोंबड्या खोक्यात घालून रात्रीच निघालो. मालकाच्या आईने खोक्याला भोकं पाडून दिली आणि तळाशी तूस पसरलं. ज्या प्रयोगशाळेत नेल्या तिथल्या मुलीने सकाळी नऊला सुरी तापवली. दोन दिवसांनी तिने फोटो पाठवला: थाळीवर स्टॅफिलोकोकसची पिवळट रेघ आणि तिच्या दोन्ही कडांना दवबिंदू. कोरायझा नक्की झाला. कुठला, ते विचारलं तर म्हणाली, "सर, प्रकार ठरवायला आमच्याकडे सीरम नाही, आणि सिक्वेन्सिंगचे पैसे कुठल्या हेडखाली टाकायचे ते साहेबांना विचारावं लागेल." तिने जंतूची नळी तारीख आणि तालुका लिहून फ्रीझरमध्ये ठेवली आहे. मालकाचा दर पंधरवड्याला फोन येतो, नव्या तलंगांना कुठली लस टोचू म्हणून. पुढची बॅच सोळा आठवड्यांची व्हायला अजून दीड महिना आहे.